पुढच्या साथीआधी प्रोबेशन आणि पॅरोलच्या कार्यालयांनी काय ठरवून ठेवावं

प्रश्न असा आहे. एका परिवीक्षा कार्यालयात (परिवीक्षा म्हणजे प्रोबेशन: दोषीला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवणं) नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याला वरिष्ठांनी साथकाळासाठी कार्ययोजना लिहायला सांगितली आहे. त्यांनी मास्क, सॅनिटायझर, लॅपटॉप, थर्मामीटर अशा यादीपासून सुरुवात केली आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. २०२० मध्ये हे काम ज्यांनी केलं ते त्यातून काय शिकले आणि योजनेत नेमकं काय असायला हवं, असं ते विचारतात.

यादी लागेलच, पण ती शेवटच्या पानावर जाऊ द्या. लोकांना भेटणं आणि हिंडणं अशक्य झालं तर आपण कोणतं काम थांबवणार, कोणतं काहीही झालं तरी चालू ठेवणार आणि हे ठरवायचा अधिकार कोणाकडे असणार, हे पहिल्या पानावर यायला हवं. कोविडच्या काळात जगभरच्या बहुतेक विभागांनी हे निर्णय एका आठवड्यात, फोनवरून, घाबरलेल्या अवस्थेत घेतले. काही चांगले निघाले, काहींनी माणसांचं नुकसान केलं. तोच विचार शांतपणे आणि आधी करून ठेवणं म्हणजे तयारी.

आपल्या कामाची जागा एकदा नीट बघा. तुरुंगातून सुटलेला माणूस आपल्याकडे हजेरीला येतो, कोर्टात तारखेला जातो, निवारागृहात झोपतो, व्यसनमुक्तीच्या गटात बसतो, रोजंदारीवर जातो, आणि घरी त्याची म्हातारी आई असते. आपली प्रतीक्षा खोली या सगळ्या जागांना जोडते. बरं, ही माणसं थोडीथोडकी नाहीत. अमेरिकेत २०२० च्या अखेरीला सुमारे ३९ लाख प्रौढ प्रोबेशन किंवा पॅरोलवर (तिथे पॅरोल म्हणजे शिक्षा संपण्याआधी देखरेखीखाली सुटका) होते, म्हणजे तुरुंगात असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. तुरुंगांतल्या संसर्गाची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. बाहेरच्या या मोठ्या गर्दीकडे मात्र लक्ष उशिरा गेलं.

म्हणून पहिलं काम केसेसची, म्हणजे देखरेखीखालच्या प्रकरणांची, विभागणी. इथे एक जुनी सवय मोडावी लागते. आपण बहुतेक वेळा गुन्ह्याच्या कलमावरून ठरवतो की कोणाला किती वेळा बोलवायचं. साथीत तो निकष पुरत नाही. प्रत्येक फाइलसमोर वेगळा प्रश्न विचारा: या माणसाची प्रत्यक्ष भेट सहा आठवडे झाली नाही तर काय बिघडेल आणि कोणाचं बिघडेल? पुष्कळ फाइलींचं उत्तर ‘काहीच नाही’ असं येतं. लोक दर पंधरवड्याला येतात, सही करतात, दोन वाक्यं बोलतात आणि जातात. काही फाइलींचं उत्तर ‘त्याच्या बायकोचं’ असं येतं. काहींचं ‘त्याचं स्वतःचं’ असं येतं, कारण तो नुकताच सुटलेला असतो, व्यसनातून बाहेर पडत असतो, किंवा आठवड्यात त्याच्याशी धड बोलणारं माणूस आपल्याशिवाय दुसरं नसतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात साधारण याच पद्धतीने काम वाटलं गेलं. अतिशय धोकादायक मानलेल्या, नुकत्याच सुटलेल्या आणि फोन नसलेल्या लोकांना प्रत्यक्ष भेटायचं, काहींच्या दारात जाऊन अंतर राखून बोलायचं आणि बाकीच्यांशी फोनवर संपर्क ठेवायचा. यातली ‘फोन नसलेले’ ही वर्गवारी मला फार महत्त्वाची वाटते. जोखमीच्या कुठल्याही मोजपट्टीवर ती नसते. साथीत मात्र फोन नसलेला माणूस आपल्या नजरेतून पहिल्याच दिवशी नाहीसा होतो.

कमी जोखमीच्या लोकांना कमी बोलावलं तर धोका वाढेल अशी भीती वरिष्ठांना आणि न्यायाधीशांना वाटते. त्यांच्यासमोर हे ठेवा की जोखीम, गरज आणि प्रतिसादक्षमता या सूत्रावर (देखरेख आणि मदत माणसाच्या जोखमीच्या आणि गरजेच्या प्रमाणात ठेवावी) १९९० पासून झालेलं संशोधन उलटच सांगतं. कमी जोखमीच्या माणसावर कडक देखरेख लादली की त्याची नोकरी आणि घरची घडी विस्कटते, नको त्या संगतीत तो तासन् तास बसतो आणि पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता वाढू शकते. न्यूयॉर्क शहराच्या प्रोबेशन विभागाने तर महामारीच्या कितीतरी आधीच अशा लोकांची हजेरी कियॉस्कवर, म्हणजे स्वयंचलित यंत्रावर, नेली होती. ही छाटणी साथ येण्याची वाट बघत ठेवू नका, आत्ताच करा. ज्या कार्यालयात आधीच अनावश्यक भेटी नाहीत, त्याला टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी फार थोडं बदलावं लागतं.

आता अधिकाराकडे येतो. माझ्या मते योजनेतला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे. कोर्टाचा आदेश म्हणतो: दर सोमवारी कार्यालयात हजर राहावं, अमुक तास समाजसेवा वर्षभरात पूर्ण करावी, जिल्ह्याबाहेर जाऊ नये. कार्यालय बंद झालं की पहिली अट मोडते. समाजसेवेची जागा बंद झाली की दुसरी मोडते. गावाकडे आईबाप आजारी पडले की तिसरी. अशा वेळी अधिकाऱ्यासमोर दोनच वाटा उरतात: शेकडो लोकांना कागदोपत्री अटभंग केलेलं दाखवायचं, किंवा अधिकार नसताना डोळेझाक करायची. दुसरी वाट माणुसकीची वाटते, पण तिच्यात माणूस लटकलेला राहतो. उद्या अधिकारी बदलला, पोलिसांशी खटका उडाला की तीच चुकलेली हजेरी त्याच्यावर काढता येते.

यावर उपाय शांततेच्या काळातच होतो. आपल्या न्यायालयाशी किंवा पॅरोल मंडळाशी बोलून आदेशाच्या नमुन्यातच एक वाक्य घालून घ्या: ‘हजर राहणे’ म्हणजे परिवीक्षा अधिकारी ठरवतील त्या पद्धतीने संपर्कात राहणे. शिवाय एक कायमस्वरूपी आदेश असावा, जो सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर होताच आपोआप लागू होईल. कोणत्या अटी स्थगित होतील, कोणत्या बदलतील, कोणत्या तशाच राहतील (पीडित व्यक्तीजवळ न जाण्याची अट अर्थातच राहील), मुदती कशा वाढतील आणि हे सगळं कधी संपेल, ते त्यात असावं. शेवटचा मुद्दा विसरू नका. संपण्याची तारीख किंवा आढाव्याची तारीख नसलेला आणीबाणीचा आदेश वर्षानुवर्षं रेंगाळतो.

समाजसेवेच्या तासांचं काय करायचं, याचं एक धाडसी उदाहरण स्कॉटलंडचं आहे. साथीत काम बंद पडल्याने तासांचा डोंगर साचला. मार्च २०२१ मध्ये तिथल्या सरकारने नियम करून आदेशांमधले बिनपगारी कामाचे तास ३५ टक्क्यांनी कमी केले. कौटुंबिक अत्याचार, लैंगिक गुन्हे आणि पाठलाग करण्याचे गुन्हे त्यातून वगळले. कोणी याला शिक्षेत सूट म्हणेल. मला तो प्रामाणिक निर्णय वाटतो. जे काम सरकार स्वतःच उपलब्ध करून देऊ शकत नाही त्यासाठी माणसाला वर्षानुवर्षं आदेशाखाली अडकवून ठेवणं न्याय्य नाही. तुमच्याकडे असा नियम होवो न होवो, घरी बसून करता येणारी कामं आणि शिक्षणाचे तास समाजसेवेत धरता येतात का, एवढी परवानगी तरी आत्ताच लिखित मिळवा.

अटभंगाच्या बाबतीत तर हात आखडता घेणं हा सरळ आरोग्याचा प्रश्न आहे. नवा गुन्हा घडलेला नाही, फक्त हजेरी चुकली, पत्ता कळवायचा राहिला, नशेच्या चाचणीला आला नाही, अशा तांत्रिक भंगासाठी माणसाला आत टाकणं म्हणजे बाहेरचा संसर्ग आत आणि काही दिवसांनी आतला बाहेर नेणं. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरच्या तुरुंगात कोविडने मरण पावलेला पहिला कैदी पॅरोलच्या तांत्रिक भंगासाठीच आत होता. त्याच्या आदल्याच आठवड्यात, २७ मार्च २०२० ला, राज्यपालांनी अशाच १,१०० जणांना सोडण्याची घोषणा केली होती. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये तांत्रिक भंगासाठी तुरुंगवास मर्यादित करणारा कायदाच त्या राज्याने केला. म्हणजे साथीत जे घाईने करावं लागलं, ते एरवीही योग्य होतं हे मान्य झालं. तुमच्या योजनेत यासाठी चढत्या पायऱ्या लिहा: फोन, दुसऱ्या नंबरवर फोन, दारात भेट, लेखी ताकीद, वरिष्ठांशी चर्चा. अटकेची मागणी तेव्हाच, जेव्हा कोणाच्या तरी जिवाला ठोस धोका दिसतो. आणि अशी मागणी करण्याआधी दुसऱ्या अधिकाऱ्याची सही सक्तीची करा. भीतीच्या वातावरणात एकट्याने घेतलेले निर्णय कडक होत जातात, हे सगळ्यांनी अनुभवलं आहे.

यानंतर येते तातडीची सुटका. साथ आली की गर्दीचे तुरुंग रिकामे करायचा दबाव येतो आणि सुटलेले लोक आपल्या कार्यालयाच्या दारात येतात. २०२० मध्ये इराणने मार्चमध्येच सुमारे ७०,००० कैद्यांना तात्पुरतं सोडल्याचं सांगितलं. तुर्कीने एप्रिलमध्ये कायदा बदलून सुमारे ९०,००० जणांच्या सुटकेची वाट मोकळी केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये उलट झालं: ४,००० पर्यंत कैदी मुदतीआधी सोडण्याची योजना जाहीर झाली, पण अटी आणि पडताळणीच्या जाळ्यात प्रत्यक्षात काही शेच बाहेर आले. सुरुवातीला तर सहा जण चुकून लवकर सोडले गेले आणि योजना काही काळ थांबवावी लागली. यातून समजतं ते इतकंच की पात्र लोकांची यादी, त्यांचा पत्ता आणि घरच्यांची तयारी आधीच तपासलेली नसेल, तर मोठी घोषणा कागदावर राहते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० ला स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. कोणत्या वर्गातल्या बंद्यांना पॅरोल किंवा अंतरिम जामिनावर सोडायचं ते या समित्यांनी ठरवायचं होतं. महाराष्ट्राने ८ मे २०२० ला फर्लो आणि पॅरोलच्या (आपल्याकडे या तुरुंगातून मिळणाऱ्या तात्पुरत्या रजा) १९५९ च्या नियमांत दुरुस्ती करून आकस्मिक अभिवचन रजा, म्हणजे तातडीचा पॅरोल, आणली. आधी ४५ दिवस, मग साथरोग कायद्याखालची अधिसूचना लागू असेपर्यंत ३० - ३० दिवसांची वाढ, आणि दर ३० दिवसांनी एकदा पोलीस ठाण्यात हजेरी. सात वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्यांना अट अशी की मागच्या दोन रजांवरून ते वेळेवर परतलेले असावेत. अट वाचायला समंजस वाटते. पण ज्याला कधी रजाच मिळाली नाही त्याचं काय, हा वाद उच्च न्यायालयात गेला. पात्रतेचा निकष लिहिताना हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. पूर्वी संधी मिळाली होती का, यावर उद्याची सुटका अवलंबून ठेवली की सगळ्यात दुबळा माणूस आपोआप मागे राहतो.

तुरुंगात परत कधी यायचं, हे तर त्याहून कठीण. भारतात मुदती वाढत गेल्या, जुलै २०२१ मध्ये पुढील आदेशापर्यंत परत बोलावू नका असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आणि २४ मार्च २०२३ ला १५ दिवसांत हजर व्हा असा आदेश आला. जवळपास तीन वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाने काम धरलेलं असतं, मुलांच्या शाळेचं बघितलेलं असतं. अमेरिकेत मार्च २०२० च्या केअर्स कायद्याखाली (कोविडकाळातला मदतीचा कायदा) फेडरल तुरुंगांतून घरी पाठवलेल्यांचंही तेच झालं. जानेवारी २०२१ मध्ये न्याय खात्याने मत दिलं की आणीबाणी संपल्यावर त्यांना परत आत यावं लागेल, आणि डिसेंबर २०२१ मध्ये तेच मत मागे घेतलं. मधलं जवळजवळ वर्षभर हजारो कुटुंबं टांगणीला लागली. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘साहेब, मला परत जावं लागेल का?’ या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल तर त्याच्या बाकीच्या सल्ल्याचं वजन राहत नाही. म्हणून सुटकेच्या कागदावरच लिहिलेलं असावं की आणीबाणी संपल्यावर काय होईल, बाहेर काढलेला काळ शिक्षेत धरला जाईल का, आणि परतीची सूचना किती दिवस आधी मिळेल. हा निर्णय धोरण आखणाऱ्यांचा असतो हे खरं, पण तो आधी मागून घेणं आपल्या हातात आहे.

सुटकेच्या दिवसाबद्दल थोडं तपशिलात सांगतो, कारण माणसं इथेच हातून जातात. वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांवरचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या १२९ पट आढळलं. हे सामान्य दिवसांतलं. त्यात वाहनं बंद, दवाखाने फक्त साथीच्या रुग्णांनी भरलेले, व्यसनमुक्तीचं केंद्र कुलूपबंद, घरच्यांना वाटतं हा आजार घेऊन आला, शेजारी दारात उभं राहू देत नाहीत. अशा वेळी गेटबाहेर सोडलेल्या माणसाच्या हातात काय असेल ते योजनेत नावानिशी लिहा: किमान महिनाभराची चालू औषधं आणि त्यांची चिठ्ठी, ओळखीचा कागद, चालू स्थितीतला फोन, प्रवासाची सोय, चाचणीचा निकाल, पहिले काही दिवस विलगीकरणाची जागा, आणि अधिकाऱ्याचा नंबर कागदावर लिहिलेला. फक्त फोनमध्ये साठवलेला नंबर पुरत नाही, फोन पहिल्याच आठवड्यात विकला किंवा हरवला जातो. आणि पहिला संपर्क आपण करायचा, त्याच दिवशी. त्याने फोन करावा म्हणून थांबायचं नाही.

दूरस्थ संपर्काची तरफदारी आता सगळेच करतात, म्हणून त्याबद्दल सविस्तर बोलणं भाग आहे.

फोनने खूप काही साधलं. कामावर जाणाऱ्या माणसाचा खाडा वाचला, मूल कडेवर घेऊन तासभर रांगेत उभं राहणाऱ्या बाईची सुटका झाली, आणि पुष्कळ लोक टेबलापलीकडे बसून बोलत नाहीत ते फोनवर मोकळं बोलले. ठरल्या वेळी, आठवड्यातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटांचा फोन महिन्यातल्या एका भेटीपेक्षा पुष्कळदा जास्त उपयोगी ठरतो. पण फोनवर घर दिसत नाही. डोळे लाल आहेत का, वजन उतरलंय का, खोलीत आणखी कोण आहे, बायकोच्या हातावर वळ आहे का, काहीच दिसत नाही. कौटुंबिक हिंसेच्या केसांत तर फोन फसवा असतो. ज्याच्यावर देखरेख आहे तो शांतपणे सगळं ठीक असल्याचं सांगतो आणि त्याची पीडित बायको दोन हातांच्या अंतरावर बसून ऐकत असते. अशा केसांत दारातली भेट कुठल्याही टप्प्यावर बंद होऊ नये. पीडितेशी संपर्क वेगळ्या माणसाने, वेगळ्या वेळी, वेगळ्या मार्गाने ठेवावा. ठरलेला एखादा निरुपद्रवी शब्द किंवा प्रश्न असावा, जो ऐकताच पलीकडच्याला कळेल की ती मोकळेपणी बोलू शकत नाही. हे सगळं टाळेबंदी लागण्याआधी तिच्याशी बोलून ठरवायला लागतं. नंतर ती बोलूच शकत नाही.

फोन एकाच घरात चौघांत असतो, बॅलन्स संपलेला असतो, नंबर दर दोन महिन्यांनी बदलतो. म्हणून प्रत्येक फाइलीत किमान तीन संपर्क असावेत, त्यातला एक त्या माणसाच्या विश्वासातला: आई, बहीण, मालक, कोणी समाजसेवक. दर तीन महिन्यांनी ते तपासा. त्या व्यक्तीला किती सांगायचं यावर फाइलीत माणसाची लेखी संमती घ्या. नाहीतर साथीच्या गडबडीत आपणच त्याच्या मालकाला त्याचा गुन्हा सांगून बसू.

न उचललेला फोन म्हणजे पळून जाणं नव्हे, हे नियमातच यायला हवं. अमेरिकेत तुरुंगातून घरी पाठवलेल्या एका वयस्कर बाई २०२१ मध्ये संगणकाच्या वर्गात बसल्या होत्या, फोन घेतला गेला नाही, आणि त्यांना परत आत नेलं. काही आठवड्यांनी न्यायाधीशांनी त्यांना सोडलं. आयुष्य सावरण्यासाठी जे करावं असं आपण सांगतो, नेमकं तेच करताना त्या सापडल्या. उत्तर न मिळाल्यास किती तास थांबायचं, दुसरा प्रयत्न कसा करायचा, कोणाला विचारायचं, हे लिहिलेलं असतं तर एका माणसाचा निर्णय तिथपर्यंत गेला नसता.

पायातल्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांवर फार भिस्त ठेवू नका. पट्टा बांधायला आणि दुरुस्त करायला कोणाला तरी त्या माणसाच्या गुडघ्याशी बसावं लागतं, म्हणजे अंतर राहतच नाही. तो रोज चार्ज करायला वीज लागते. दाट वस्तीत, बंद खोलीत सिग्नल तुटतो आणि खोट्या सूचना येतात. प्रत्येक सूचनेमागे धावायला अर्धा स्टाफ आजारी असताना कोण असतं? पट्टा माणूस कुठे आहे ते सांगतो, कसा आहे ते सांगत नाही. काही मोजक्या केसांत, विशेषतः पीडितेच्या घराभोवतीचं क्षेत्र बंद ठेवायचं असेल तेव्हा, तो कामाचा आहे. भेटी थांबल्या म्हणून सरसकट पट्टे वाटणं मला चुकीचं वाटतं.

नशा ओळखण्यासाठीच्या लघवीच्या चाचण्या पहिल्या टप्प्यात थांबवाव्यात, फक्त न्यायालयाने विशिष्ट कारणाने सांगितलेल्या चालू ठेवाव्यात. गटोपचार लहान करावेत किंवा फोनवर न्यावेत. देखरेखीची फी जिथे आकारली जाते तिथे आणीबाणीत ती आपोआप थांबावी, थकबाकी म्हणून साठू नये. यावर फार चर्चेची गरज नाही.

निवारागृहं आणि सुटकेनंतरची वसतिगृहं यांचा वेगळा विचार करा, कारण तिथे संसर्गाची गत तुरुंगासारखीच असते आणि डॉक्टर मात्र तुरुंगाइतकेही नसतात. एका खोलीत चार माणसं असतील तर आजारी पडलेल्याला कुठे न्यायचं, हे आधी ठरवा. एखादं बंद वसतिगृह, रिकामं लॉज, मोकळी शासकीय इमारत, यांच्याशी करार आत्ता होतो. साथीत सगळे विभाग त्याच इमारतींच्या मागे असतात. आजारी पडला म्हणून कोणाला रस्त्यावर काढता येणार नाही, हे व्यवस्थापनाकडून लिहून घ्या.

आता आपल्या माणसांबद्दल. बहुतेक कार्यालयं लहान असतात, एकेका अधिकाऱ्याकडे भरमसाट केसेस, आणि केसची खरी माहिती त्याच्या डोक्यात. तो दोन आठवडे आजारी पडला की कोणालाच काही कळत नाही. प्रत्येक जास्त जोखमीच्या फाइलीला एक पानी सारांश जोडा: धोका कोणाला आहे, कशाने भडकतो, कोणाचं ऐकतो, औषध काय चालू आहे, पुढची महत्त्वाची तारीख कोणती. आणि त्या केसला एक जोडीदार अधिकारी नेमा, ज्याची त्या माणसाशी एकदा तरी ओळख करून दिलेली असेल. कर्मचाऱ्यांचे दोन गट करून आलटून पालटून बोलवा, एका गटात सगळे अनुभवी जाऊ देऊ नका.

लसीकरण, संरक्षक साहित्य, प्रवासाचे पास यांत परिवीक्षा अधिकाऱ्यांना अत्यावश्यक सेवेत धरावं, हे आरोग्य विभागाकडून आत्ताच मान्य करून घ्या. पोलीस आणि तुरुंग कर्मचारी लोकांच्या नजरेसमोर असतात, आपण नसतो. ड्युटीवर लागण होऊन कोणी गेलं तर कुटुंबाला काय मिळेल हेही स्पष्ट असायला हवं. जे स्पष्ट नाही त्याच्या भरवशावर कोणाला दारोदार पाठवणं योग्य नाही.

घरून काम करण्याची एक बाजू क्वचितच बोलली जाते. लैंगिक अत्याचाराच्या केसवर आपण कार्यालयात बोलतो तेव्हा बाहेर पडताना दार लावून येतो. तेच बोलणं स्वयंपाकघरात बसून, शेजारच्या खोलीत मुलं अभ्यास करत असताना करावं लागलं, तर ते घरात राहतं. २०२० मध्ये चांगले, कणखर अधिकारी यामुळे खचले. अशा केसांसाठी कार्यालयातली एक हवेशीर खोली कायम उघडी ठेवा, पाळीने वापरा. आणि आठवड्यातून एकदा वरिष्ठाने केसांचा नव्हे, अधिकाऱ्याचा हालहवाल विचारणारा फोन करावा.

पुढची साथ कोविडसारखीच असेल असं धरून चालू नका. स्पर्शाने पसरणारा आजार असेल तर दारातली भेट चालेल पण एकच पेन, एकच बोटांचे ठसे घेणारं यंत्र चालणार नाही. लहान मुलांना जास्त लागणारा असेल तर अधिकाऱ्यांपैकी निम्मे घरी अडकतील. म्हणून योजना रोगाच्या नावावर बांधू नका, अडथळ्यांवर बांधा. लोकांना एका खोलीत बसता येतं का? प्रवास करता येतो का? निम्मा स्टाफ आहे का? न्यायालय चालू आहे का? फोन आणि नेट चालू आहे का? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर काय करायचं, एवढं लिहा. हीच योजना पुरात आणि भूकंपातही कामी येते.

बाहेर पडण्याचा टप्पाही लिहा. काय काय थांबवलं याची साधी नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा: कोणाच्या किती भेटी फोनवर झाल्या, किती चुकल्या, किती अटभंग टाळले, त्यातून पुढे नवा गुन्हा घडला का. ही नोंद नसेल तर साथ संपताच जुनं सगळं सवयीने परत येतं, कारण नवं चांगलं होतं हे दाखवायला हातात काही नसतं. भारतातल्या तुरुंगांचंच बघा. २०१९ मध्ये क्षमतेच्या ११८.५ टक्के कैदी होते. एवढ्या सुटकांनंतरही २०२१ मध्ये प्रमाण १३०.२ आणि २०२२ मध्ये १३१.४ टक्क्यांवर गेलं. एकदा केलेली सुटका टिकत नाही. आत जाणाऱ्यांचा ओघ कमी झाला तरच गर्दी कमी राहते, आणि त्या ओघावर सरळ परिणाम करणारं एक साधन म्हणजे प्रोबेशन. भारतात १९५८ पासून परिवीक्षा कायदा आहे. योग्य माणसाला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार न्यायालयाला त्याच्या चौथ्या कलमाने दिला आहे. तो न्यायाधीशाने वापरावा यासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल वेळेवर आणि नीट लिहिलेला हवा. मी तर हे कामही साथीच्या तयारीतच धरतो.

मसुदा झाला की फाइलला लावून ठेवू नका. अर्ध्या दिवसाची तालीम घ्या. सकाळी अकरा वाजता जाहीर करा की उद्यापासून कार्यालय बंद, चार अधिकारी आजारी, तुरुंगातून परवा तीस जण सुटणार. मग प्रत्येकाने आपली यादी काढून दाखवायची: कोणाला आज फोन करणार, कोणाच्या दारात जाणार, कोणाला महिनाभर सोडणार. जास्त जोखमीच्या फाइलींमधले नंबर तिथेच लावून बघा. किती लागत नाहीत ते मोजा. तालमीला न्यायालयाच्या कार्यालयातला एक माणूस, तुरुंगाचा एक, जिल्हा आरोग्य यंत्रणेचा एक बोलवा, आणि देखरेखीखाली असलेल्या किंवा पूर्वी राहिलेल्या दोघा-तिघांना आवर्जून बोलवा. आपल्याला न सुचणारे प्रश्न ते विचारतात: रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर तुमच्याकडे यायचं होतं हे मी कशावरून दाखवू? मालक फोन वापरू देत नाही, संध्याकाळी सातनंतर बोललं तर चालेल का? लिहिता येत नाही, तर तो कागद कोण वाचून दाखवणार? हे प्रश्न त्याच दिवशी मसुद्यात घाला, समोर जबाबदार माणसाचं नाव लिहा आणि पुढच्या तालमीची तारीख टाकूनच वरिष्ठांकडे पाठवा.